सिमेंटचा हात

कागद गिरणी बंद पडली, मशिनी भंगारात गेल्या, पत्र्याच्या शेड वाऱ्यानं आणि चोरांनी मिळून संपवल्या. ऑफिसची इमारत तेवढी खाडीकडं तोंड करून उभी राहिली. याचं श्रेय देवाला द्यायला काळूराम तयार नव्हता. देव काही दरवर्षी पाऊस सरल्यावर थापी घेऊन तिथं येत नव्हता. काळूराम येत होता.

आज तो व्हरांड्याच्या पायरीवर बसला होता आणि उठायचं त्याच्या जिवावर आलं होतं. गुडघे कामातून गेले होते, पाठ त्याहून आधी. आत पनवेलहून आलेली इंजिनीयर रुचिका भिंतींना ओल मोजायचं यंत्र लावत फिरत होती. जमीन विकत घेणाऱ्या हॉटेलवाल्यांचं म्हणणं सरळ होतं. इमारत धड निघाली तर राखायची, नाहीतर पाडून तिथं गाड्या लावायच्या. सगळं या पोरीच्या शब्दावर होतं.

"काका, जरा आत येता? ही बांधली कशी, तुम्हाला काही माहिती आहे?"

आता काळूराम उठला. हे त्याला कुणी विचारतच नव्हतं.

"जोतं काळ्या दगडाचं, वर सगळा जांभा. कागदाचा पेंढा यायचा पडावातनं, मोठ्या होड्यांतनं, म्हणून व्हरांडा खाडीकडं. शेठ खुर्चीत बसून बघायचा, कुठला पडाव किती भरलाय. आन् ही पगाराची खिडकी. मुद्दाम खाली ठेवलीय. वाकल्याबिगर पगार न्हाय. माझा बा वाकला, मीबी वाकलो." तो हसला. "गिलाव्यात तर आमच्याच गिरणीचा लगदा हाय. चुन्यात कालवून लावलाय. शेठ म्हणायचा, कागदवाल्याचं ऑफिस, भिंतीतबी कागद पायजे."

रुचिका थांबली. "पण हे तर सिमेंट आहे."

"वरनं सिमेंट. ते माझं काम."

हे सांगताना त्याची छाती फुगली, आणि का फुगू नये? गिरणी चालू होती तेव्हा खंडेनवमीला मशिनींची पूजा व्हायची. मशिनी गेल्यावर कामगार पांगले. कोणी ट्रेलरवर लागला, कोणी दिघीला बंदरावर. काळूराम एकटा हार घेऊन येत राहिला. पण नुसता हार घालून काय होणार? इमारत खपल्या टाकत होती. मग त्यानं नेम धरला, दसऱ्याआधी सिमेंटची गोणी आणायची आणि एकेक भिंत पक्की करायची. चुना म्हणजे कच्चं काम आणि सिमेंट म्हणजे पक्कं, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पोरगा कमावता झाला की बाप आधी चुन्यामातीचं घर पाडून सिमेंटचं बांधायचा. काळूरामला ते जमलं नाही. त्याचं स्वतःचं घर दर पावसाळ्यात गळायचं आणि त्याची बायको नीराबाई खाली टोप मांडत म्हणायची, "त्या ऑफिसाशीच लगीन करायचं व्हतं तुमी."

"थोडं फोडून बघावं लागेल," रुचिका म्हणाली.

हातोडी काळूरामनंच घेतली. दुसऱ्या कुणाचा हात त्या भिंतीला लागलेला त्याला खपला नसता. चार ठोक्यांत सिमेंटचं भलंमोठं ढलपं सुटून पायाशी पडलं. मागचा चुना ओला होता, इतका ओला की लगद्यासकट बोटांना चिकटून आला. रुचिकानं स्टुलावर चढून तुळईच्या टोकात स्क्रू-ड्रायव्हर खुपसला. शिजलेल्या सुरणात जावा तसा तो आत गेला.

"खाडीची ओल जांभ्यात चढतेच, काका," ती हळूच म्हणाली. "चुना आणि लगदा ती बाहेर सोडत होते. सिमेंटनं वाट बंद केली. मग ओल वर चढली, तुळयांत."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं, असं काळूरामला वाटलं. तो दुसऱ्या भिंतीकडं गेला. "ही बघा, हिला सिमेंटचे दोन हात दिलेत." ती जास्तच ओली निघाली. तिसरीही तशीच. खांदा भरून आला, धाप लागली, तरी तो ठोकत राहिला. एखादी तरी धड निघावी, एवढंच मागत होता.

"बस झालं, काका. त्या मागच्या खोलीत काय आहे?"

"तिकडं नगा जाऊ, म्याडम." तो दारात आडवा झाला. "त्या भिंतीची मला लाज वाटते. तिला कधी सिमेंट पुरलंच न्हाय. दरसाल म्हणायचो, पुढल्या साली करू. पोरीचं लगीन निघालं, मंग गुडघे दुखाय लागले. तशीच ऱ्हायली बिचारी."

रुचिका त्याच्या बाजूनं आत गेली. खोलीत शेठच्या वेळचा गिलावा तसाच होता, पिवळा पडलेला, खपल्या गेलेला. तिनं यंत्र लावलं. मग खाली लावलं, मग स्टुलावर चढून तुळईपाशी. तुळईत स्क्रू-ड्रायव्हर टोचून पाहिला. तो आत गेला नाही.

"ही कोरडी आहे," ती म्हणाली.

"पुरी?"

"पुरी. ही खोली उभी राहील. बाकीची..." तिनं वाक्य सोडून दिलं.

काळूरामनं त्या भिंतीवर तळवा ठेवला. हाताला पांढरी भुकटी लागली, कोरडी.

"मग तसंच लिवा, म्याडम," तो म्हणाला. "काळूराम घरी बसला असता, तर बिल्डिंग उभी ऱ्हायली असती. आसं लिवा."

रुचिकानं काही लिहिलं नाही. तिनं स्टूल त्याच्याकडं सरकवलं, आणि तो बसला.