पुढच्या चाकांचे ब्रेक

"दाबा."

"दाबलं."

"धरा… धरा… आता सोडा."

गाडीखालून मास्तरांचा आवाज येई आणि वर सीटवर बसलेल्या सिस्टर ब्रेकवरच्या पायानेच त्याला उत्तर देत. सीसॉच्या दोन टोकांना बसलेल्या पोरांसारखा दोघांचा ताल जमला होता. नळीतून आधी बुडबुडे आले, मग मधासारखं नितळ ऑइल.

"बत्तीस वर्षं बायकांना मी सांगत आले, जोर लावा, सोडा," सिस्टर वरून म्हणाल्या. "आज माझ्यावर पाळी आली बघा."

"मग, मुलगा की मुलगी?"

"ब्रेक लागला तर मुलगी. नाही लागला तर मुलगा."

मास्तर गाडीखाली हसले. सगळी पेठ त्यांना ब्रेकमास्तर म्हणायची. इंजिनाला ते हात लावत नसत. पळवणारे पुष्कळ आहेत, मी थांबवणारा, असं म्हणायचे. गाडी सिस्टरच्या नवऱ्याची. गडद हिरवी, दोनच माणसांची, जमिनीला पोट लावून बसलेल्या मांजरीसारखी. साहेबांनी ती चाळीस वर्षं चालवली आणि बायकोला स्टिअरिंगला बोट लावू दिलं नाही. साहेब गेले, वर्ष झालं, आणि नुकतीच गाडी शिकलेल्या सिस्टरनी ठरवलं की घाट उतरून पलीकडे धाकट्या बहिणीकडे जायचं ते ह्याच गाडीने, आणि एकटीने. जुने ड्रमचे ब्रेक तापले की दगा द्यायचे. म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना डिस्क बसवायच्या ठरल्या.

मास्तरांनी जॅकवरचं पुढचं चाक हाताने फिरवलं. एक फेरा, अर्धा फेरा, आणि चाक थांबलं. जरा लवकरच थांबलं. हाताला काहीतरी जाणवलं, पण शब्द होऊन जिभेवर आलं नाही.

"नवे पॅड आहेत," ते स्वतःशीच म्हणाले. "घासून घासून बसतील."

सिस्टर निघाल्या तेव्हा ऊन नुकतं भिंतीवरून खाली उतरत होतं. "फोन करू नका हं मास्तर, चालवताना मी उचलणार नाही," म्हणाल्या आणि कोपऱ्यावर त्यांनी ब्रेक मारून दाखवला. गाडी जागच्या जागी उभी राहिली. मास्तरांनी हात वर केला.

मग ते आवरायला बसले. काढलेले भाग रॉकेलमध्ये धुवायचे आणि कागदावर ओळीने मांडायचे, ही त्यांची पद्धत. दोन ड्रम. चार लायनर. स्प्रिंगा. जुने रबरी होज, भेगाळलेले. मास्टर सिलिंडरची जुनी रबरं. आणि वॉल्व.

वॉल्व नव्हता.

शर्टाच्या बटणाएवढी वस्तू. पाय दाबला की ऑइल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरमध्ये, पुढच्या पाइपाच्या तोंडाशी बसलेली. आदल्याच दिवशी त्यांनी सिस्टरना कागदावर काढून दाखवलं होतं. ड्रमला हा लागतो, पाय काढला तरी पाइपात थोडा दाब धरून ठेवतो. डिस्कला तोच दाब विष. पॅड डिस्कच्या तबकडीला चिकटून राहतात, तापतात, ऑइल उकळतं, आणि ऐन उतारावर पाय जातो तो थेट तळाला. म्हणून सगळ्यात आधी हा काढायचा. सिस्टर म्हणाल्या होत्या, "दाढ काढण्यासारखं."

त्यांनी रॉकेलचा डबा उपडा केला. टेबलाखाली झाडलं. खिसे उलटे केले. मग डोळे मिटून आठवायला बसले. पक्कड, बारीक टोक, वॉल्व सुटतो, तळहातावर पडतो… दिसलं! स्पष्ट दिसलं. जीव भांड्यात पडतोय तोवर त्या चित्राच्या मागची गाडीही दिसली. पिवळी होती. वीस वर्षांपूर्वीची.

हिरव्या गाडीच्या जागी काहीच नव्हतं. नुसती पांढरी भिंत.

"अहो, न्याहारीला येताय ना?" मागच्या दारातून बायको आली. घर दुकानाच्या मागेच. नवऱ्याचा चेहरा बघून ती तिथेच थबकली. "काय झालं?"

"मी तो वॉल्व काढला का गं?"

"मला काय ठाऊक? कसला वॉल्व?"

"आठवत नाही मला." ते परत म्हणाले, "काढला की नाही, तेच आठवत नाही."

त्यांनी फोन लावला. सहा वेळा. सहाही वेळा तो वाजत राहिला आणि गप्प झाला. घाट इथून दीड तासावर. सिस्टरना निघून वीस मिनिटं झाली होती.

स्कूटर बाहेर काढली तेव्हा बायकोने पायात चपला सरकवल्या आणि मागे बसली.

"तू कशाला?"

"चला तुम्ही."

रस्ता सरळ होता, तरी गावाबाहेरच्या फाट्यावर मास्तरांनी स्कूटर हळू केली. दोन्ही रस्ते सारखेच दिसत होते. हयात ह्या रस्त्यांवर गेली होती.

"डावीकडे," बायको कानाशी म्हणाली. तिने जणू तयारच ठेवलं होतं ते.

"ठाऊक आहे मला."

"ठाऊकच आहे. मी आपलं म्हटलं."

चढ सुरू झाला. ऊन डोक्यावर आलं. प्रत्येक वळणावर मास्तर आधी कठडा बघत, मग रस्ता. एका ठिकाणी कठडा तुटलेला होता आणि त्यांनी स्कूटर थांबवली; पण तुटलेल्या दगडांत गवत उगवलेलं होतं. वरून येणारा एक ट्रकवाला हात हलवून काही ओरडला. वाऱ्यात शब्द उडाले. बायकोची बोटं शर्टावर घट्ट झाली. माथा ओलांडला आणि उतारावरच्या पहिल्याच वळणाला वास आला. जळका, उग्र, कडवट. चाळीस वर्षं ओळखीचा. आता विचारायचं काही उरलं नव्हतं. वॉल्व गाडीतच होता.

तिसऱ्या वळणावर रस्त्याच्या कामासाठी टाकलेल्या खडीच्या ढिगात गाडी नाक खुपसून उभी होती. डावं मडगार्ड चेपलेलं, पुढच्या चाकांतून धूर. ढिगाच्या पलीकडे दोन हात रस्ता, आणि पुढे काहीच नाही.

सिस्टर कठड्यावर बसल्या होत्या. कपाळावर टेंगूळ, त्यावर स्वतःच बांधलेला रुमाल.

"आलात? वा!" आवाज खणखणीत होता. "पाय दाबला तर खाली काही नाहीच! जिन्याची एक पायरी कमी असावी तसं. मग गिअर पाडला, हँडब्रेक ओढला, आणि ही खडी दिसली." त्यांनी चेपलेल्या मडगार्डाकडे पाहिलं. "माझीच चूक असणार. नवशिकी मी. घाबरून सारखी ब्रेकवर पाय ठेवून बसले असेन."

मास्तरांनी तोंड उघडलं.

"तेच झालं असेल," बायको घाईघाईने म्हणाली. "उतारावर होतं असं नव्या माणसाचं. हे नेहमी सांगतात, पाय ठेवून बसू नये. हो ना हो?"

ती नवऱ्याकडे बघत होती. नुसतं हो म्हणा, असं तिचे डोळे म्हणत होते. एकदा हो म्हटलं की पेठ तीच राहील, पाटी तीच राहील, उद्या सकाळी दुकानासमोर गाड्या उभ्या राहतील.

धूर पातळ होत होता. खोल खाली रस्ता दोऱ्यासारखा दिसत होता.

"नाही," मास्तर म्हणाले. "चूक तुमची नाही, सिस्टर. वॉल्व काढायचा राहिला. मी विसरलो."

"तुम्ही? कालच तर मला शिकवलंत."

"शिकवलं. आणि विसरलो. चाक फिरवलं तेव्हा हाताला कळलं होतं. डोक्याला कळलं नाही."

सिस्टर चिडतील, रडतील, काहीतरी बोलतील, म्हणून ते मान खाली घालून उभे राहिले. सिस्टर त्यांच्याकडे बघत होत्या, आधी डोळ्यांत, मग हातांकडे, मग मागे उभ्या असलेल्या बायकोकडे, आणि तिने नजर वळवलेली त्यांनी पाहिली. कपाळावरचा रुमाल त्यांनी सारखा केला.

"वहिनी," त्यांनी हळूच विचारलं, "हे असं कधीपासून?"

बायकोने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "गेल्या थंडीपासून," ती म्हणाली. "गॅस चालू राहतो. एकदा दुकानाची किल्ली घेऊन दुकानच शोधत होते. मी म्हटलं, वय आहे. मी म्हटलं, मी आहे ना सांगायला."

"बसा मास्तर."

सिस्टरनी कठड्यावर आपल्या शेजारी जागा केली. मास्तर बसले. ऑइलचे हात त्यांनी पँटला पुसले, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि पाठ ताठ केली. सिस्टरनी त्यांचं मनगट हातात घेतलं आणि दुसऱ्या हातावरच्या घड्याळाकडे बघत राहिल्या. ठोके मोजून झाले तरी त्यांनी मनगट सोडलं नाही.

"एक साधी गोष्ट विचारते. आज वार कोणता?"

बायकोचे ओठ हलले. सिस्टरनी तिच्याकडे न बघताच मोकळा हात वर केला.

वरून एक ट्रक हळूहळू उतरत आला, वळणावर थबकला आणि पुढे गेला. मास्तर त्याच्याकडे पाहत राहिले. मग ते सिस्टरकडे वळले.

"आज," ते म्हणाले, आणि त्यांना कुणी घाई केली नाही.