पाठीवरचं मूल

"हे पोर बाजारापर्यंतसुद्धा टिकायचं नाही, घसरेल," असं म्हणत अवेरोनं लाकडी बाईच्या पाठीवरच्या बाळाचा पाय बोटानं दाबला.

तिच्या नवऱ्याच्या, ओगुनदेजीच्या हातातली लाकूड तासायची वाकस थांबली. मूर्ती ओशुन नदीदेवीच्या देवळासाठी होती. गुडघे टेकलेली आई, पाठीशी लेकरू. उत्सव पाच दिवसांवर आलेला. सगळ्या इलोबू गावात याच्या हाताचं नाव, आणि ही बया चुका काढतेय!

"तुला काय कळतंय त्यातलं?" तो फटकन बोलून गेला.

अंगणात कंद कांडणाऱ्या मोनिलोलाचं, अवेरोच्या धाकट्या सवतीचं, मुसळ हवेतच राहिलं. लग्नाला तीस वर्षं झाली तरी अवेरोची कूस उजवली नव्हती. त्याच ओशुनपुढे नवस करकरून ती थकली होती.

बोल जिव्हारी लागला, पण ती रडली नाही. मोनिलोलाचं किरकिरणारं तान्हं तिनं उचललं, कमरेत वाकून पाठीवर टाकलं, त्याचे दोन्ही पाय आपल्या कमरेला लावून घेतले आणि कापड गुंडाळून छातीवर गाठ मारली. पोर गप्प झालं.

"पायांचा असा विळखा बसायला हवा. तुमचं नुसतं लोंबकळतंय."

"भोपळा बांधल्यासारखं!" मोनिलोला फिसकन हसली. "अहो, अक्काचं ऐका. माझी काय, शेजारणींचीही पोरं तिच्याच पाठीवर वाढलीत."

ओगुनदेजीनं अवेरोभोवती एक फेरी मारली. तासलेलं लाकूड काही पुन्हा जोडता येत नाही. पुरी होत आलेली मूर्ती त्यानं भिंतीकडे सरकवली, नवा ओंडका ओढला आणि खाली मान घालून म्हणाला, "जरा अशीच वाकून राहा."

उत्सवाच्या सकाळी देवळात बायकांची ही गर्दी. परगावाहून आलेल्या नव्या पुजारणीनं मूर्ती मांडीवर घेतली, बाळाच्या टाचांवरून बोटं फिरवली आणि खूश होऊन मान डोलावली.

"मुरलेली पाठ आहे ही. कोणाची रे?"

ओगुनदेजीनं बायकोकडे बोट केलं.

"किती पोरं गं तुला?"

गर्दीतल्या कितीतरी बायका जमिनीकडे बघू लागल्या. अवेरोनं डोक्याचं फडकं नीट केलं आणि मान ताठ केली.

"अकरा," ती म्हणाली. "आणि हा पाठीवर झोपलाय, तो बारावा."