आंबिलीची बिंदगी आणि रबरी चाकं

येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येला, आमचं सगळं करजगी गाव शेतात जेवायला जातं. गडीमाणसं गाडीत, आणि आंबिलीची बिंदगी, म्हणजे घागर, मात्र घरातल्या बाईच्या डोक्यावर. कारण चाकांना लोखंडी धावा बसवलेली गाडी आदळते, आंबील सांडते, आणि ती सांडली की म्हणे वर्ष वाईट जातं! ओढ्याचं रोजचं पाणीही त्यामुळे डोक्यावरच. म्हणून गुलबर्ग्याच्या व्यापाऱ्यानं रबरी चाकांची नवी गाडी चार दिवस वापरून बघायला दिली, तेव्हा मी चुलीपुढं नाचलेच.

माझा नवरा बसवराज केव्हाच तयार होता. अडून बसले होते मामा, म्हणजे माझे सासरे गुरप्पा, आणि सगळं गाव त्यांच्या बाजूचं. "निजाम गेला, आता चाकंबी घालवायलास का? काटा घुसला तर हवा कुठनं आणणार?" जसं काही यांच्या धावा कधी निखळल्याच नाहीत!

शेवटी मामा म्हणाले, "बिंदगी काठोकाठ भरून गाडीत ठेवा. थेंब सांडला न्हाई तर घेऊ."

निघालो. ओढ्यातले गोटे आले तशी मी डोळे मिटले. उघडले तर आंबील नुसती हलत होती! पुढच्या तीन गाड्या आम्ही मागं टाकल्या. मी आनंदानं ओरडले.

"पदर सांभाळ गं," सासूबाई सिद्धम्मा म्हणाल्या, पण त्याही हसत होत्या.

शेत हाकेवर आलं आणि फुस्स! बाभळीचा काटा. गाडी एका अंगाला कलली; मी कवटाळली म्हणून बिंदगी वाचली.

"म्हणलो व्हतो का न्हाई?" मामा उडी मारून उतरले. मागं टाकलेल्या गाड्या हसत पुढं गेल्या. मला रडू फुटलं. डोळे पुसत मी सवयीनं चुंबळ वळायला घेतली.

सासूबाईंनी ती हिसकावली. मामांसमोर कधी मान वर न करणारी ही बाई भर रस्त्यात पदर मागं सारून उभी राहिली. टाळूवर तळहाताएवढं टक्कल होतं, तीस वर्षांच्या घागरींचं.

"चाकातली हवा गेली तर भरता येती. हे कोण भरून देणार? सांगा की!"

मामांनी त्या टकलाकडं पाहिलं. मग धोतर खोचून त्यांनी व्यापाऱ्यानं दिलेला पंप उचलला. "बसवराज, ठिगळ लाव. हवा मी भरतो."

सासूबाईंनी चुंबळ गाडीत टाकली, तिच्यावर ऐसपैस बसल्या आणि मला म्हणाल्या, "ये, बस."