कारण निवडा

आज मी गप्प बसणार नाही. मी बाईंचा लॅपटॉप. एरवी आमच्यासारख्यांनी बोलायचं नसतं, फक्त दाखवायचं असतं. पण गेल्या महिन्यात माझ्याच पडद्यावर, माझ्याच बाणाने, बाईंकडून एक खोटी गोष्ट करून घेतली गेली. तेव्हापासून माझ्या आतला पंखा थांबता थांबत नाही. लोक म्हणतात, जुना झालाय, तापतो. जुना झालोय हे खरं आहे, पण तापलोय वेगळ्याच कारणाने.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे आम्ही सगळी भावंडं सारखीच दिसायचो, त्यामुळे लाड कुणाचेच झाले नाहीत. खोक्यात बसून मी दुकानात आलो आणि तिथून बाईंच्या थोरल्या भावाने मला उचललं. "आता शाळेचं सगळं काम यावरच असणार आहे. शिकून घे," तो म्हणाला.

बाई भाषा शिकवतात. सगळं आयुष्य कागदावर वाचण्यात आणि कागदावर लिहिण्यात गेलेलं. सुरुवातीला त्यांनी माझ्यावर रुमाल टाकून ठेवला होता, पोपटाच्या पिंजऱ्यावर टाकतात तसा. मग एका बोटाने टाइप करू लागल्या. अक्षर सापडलं की माझ्याकडे रोखून बघायच्या, जणू ते मीच लपवून ठेवलं होतं.

हळूहळू आमचं जमलं. बाई अक्षरं मोठी करून तासन्‌तास वाचायच्या. एखादं वाक्य आवडलं की मोठ्याने म्हणायच्या. मग आतून त्यांची आई विचारायची, "मला काही म्हणालीस का गं?"

"नाही आई, वाचतेय."

"शाळेतून येतेस आणि घरी पुन्हा शाळाच उघडून बसतेस. ताटातलं गार होतंय, तेही जरा वाच."

पुढे बाईंनी इंटरनेटवर स्वतःचं एक पान सुरू केलं. वाचलेल्या पुस्तकांबद्दल त्या तिथे लिहायच्या. मग मुलांचे चांगले निबंधही देऊ लागल्या. त्याची त्यांची एक पद्धत होती. आधी त्या मुलाला विचारायचं. मग वहीतला निबंध स्वतः टाइप करायचा, एकही शब्द न बदलता. कुणी म्हणालं, "बाई, नाव नको," तर खाली नुसतं 'एक विद्यार्थी' किंवा 'एक विद्यार्थिनी' असं लिहायचं.

नववीतल्या एका मुलीने असंच नाव नको म्हणून सांगितलं होतं. तिला वर्गात सगळे पुटपुटी म्हणतात, कारण तिचं उत्तर फक्त पहिल्या बाकापर्यंत पोचतं. तिचे वडील बस चालवतात. तिने लिहिलं होतं की बाबा जेवायला बसले आणि आईने मागून हाक मारली, की ते वळत नाहीत. ते आधी वर डावीकडे भिंतीकडे बघतात, तिथे आरसा असल्यासारखं. हे टाइप करताना बाईंची बोटं थांबली. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि मगच पुढे लिहिलं.

पुटपुटी दहावीत गेली. या वर्षी ठरलं की लेखनस्पर्धेचे निबंध संगणकावरूनच पाठवायचे आणि ते आधी यंत्राने तपासायचे. पुटपुटीने तोच निबंध थोडा वाढवून पाठवला. बाईंनीच तिला तसं सुचवलं होतं. यंत्र आपलं पान वाचेल, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. ते पान माणसंसुद्धा फारशी वाचत नव्हती.

यंत्राने ते वाचलं. पडद्यावर लाल अक्षरं आली: जुळणारा मजकूर सापडला.

मुख्याध्यापकांनी पुटपुटीच्या वडिलांना बोलावून घेतलं. बाईंना हे कळलं आणि त्या मला काखेत घेऊन मुख्याध्यापकांच्या खोलीत धावत पोचल्या, तेव्हा वडील गणवेशातच उभे होते. मुलगी त्यांच्या पाठीमागे होती. शेजारी संगणकाचे सर.

"आम्ही आरोप करत नाही आहोत," मुख्याध्यापक म्हणत होते. "सिस्टिमने नक्कल पकडली आहे."

वडिलांच्या हातात निबंधाची छापील प्रत होती. लेकीने काय लिहिलंय ते त्यांनी पहिल्यांदाच वाचलं. हळू, ओठ हलवत. मग म्हणाले, "साहेब, हे आमच्या घरातलं आहे. मी जेवायला कसा बसतो, हे इंटरनेटला कुणी सांगितलं?"

"मी सांगितलं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी मला टेबलावर उघडलं. "हे पान माझं आहे. हा निबंध हिचाच, गेल्या वर्षी मीच टाइप केला."

"पण इथे हिचं नाव कुठे आहे?" संगणकाच्या सरांनी विचारलं.

"तिने नको म्हटलं होतं."

"झालं," मुख्याध्यापक म्हणाले. "बाई, तुमचं मी मानतो हो. पण सिस्टिम कशी मानणार?"

"सर, तुम्ही निबंध वाचलात का?"

मुख्याध्यापकांनी संगणकाच्या सरांकडे पाहिलं. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार, कपाळ?

माझा राग त्या यंत्रावर नाही. ते माझंच भावंड. दोन मजकूर सारखे आहेत एवढंच ते म्हणालं, आणि ते सारखे होतेच. 'नक्कल' हा शब्द माणसांनी जोडला. वाचायचे कष्ट नकोत म्हणून जोडला. आणि बोट मात्र आमच्याकडे दाखवलं.

यंत्राने अडवून ठेवलेला निबंध सोडवायचा एकच मार्ग होता. शिक्षकाने स्वतः स्पर्धेच्या संकेतस्थळावर जाऊन उत्तर द्यायचं. बाईंनी ते माझ्यावर उघडलं. वर लिहिलं होतं, 'कारण निवडा'. खाली तीन चौकटी. विद्यार्थ्याने नक्कल केली. शिक्षकाचा निष्काळजीपणा. तांत्रिक बिघाड.

"तिसरं निवडू नका," सर म्हणाले. "फेरतपासणीला जाईल आणि तोवर मुदत संपेल."

"खाली लिहायला जागा नाही का? मला एकच वाक्य लिहायचंय."

"नाही बाई. आणि लिहून तरी वाचणार कोण?"

बाईंनी बाण दुसऱ्या चौकटीवर नेला. मी अडकायचा प्रयत्न केला. एरवी मी केव्हाही अडकतो, त्या दिवशी मेलं जमलं नाही.

"बाई, हे खोटं आहे," पुटपुटी म्हणाली. खोलीत सगळ्यांना ऐकू गेलं.

"हो," बाई म्हणाल्या. "पण खरं लिहायला जागाच ठेवलेली नाही." आणि त्यांनी बटण दाबलं.

निबंध स्पर्धेत गेला. बाईंच्या नावापुढे 'निष्काळजीपणा' हा शेरा आता कायमचा राहील. त्या मुलीची आणि तिच्या वडिलांची माफी कुणीही मागितली नाही. उलट मुख्याध्यापकांनी बाईंना ते पान बंद करायला सांगितलं. बाईंनी ते बंद केलेलं नाही, पण त्यावर नवीन काही लिहिलेलंही नाही. रोज संध्याकाळी मला उघडतात, कोऱ्या पडद्याकडे बघत बसतात आणि मिटून ठेवतात. आतून आई काही विचारत नाही, कारण बाई आता मोठ्याने काही वाचत नाहीत.

माझं बिजागर सैल झालंय. वायर हाताने दाबून धरली तरच मी चालू राहतो. मी आज ना उद्या भंगारात जाईन, त्याचं मला काही नाही. पण माझ्या मागून येणाऱ्यांवर असल्या चौकटी जे बनवणार आहेत, त्यांना मी सांगून ठेवतो. बाईंनी इतकी वर्षं मुलांना स्वतःच्या शब्दांत कारण लिहायला शिकवलं, आणि तुम्ही बाईंनाच तुमच्या शब्दांतलं कारण निवडायला लावलंत. यापुढे एक चौकट रिकामी ठेवा. आणि तिच्यात कुणी काही लिहिलं, तर ते कुणातरी माणसाला वाचायला द्या.