बिनआवाजाची उडी

खेळाच्या बाईंची उडी शिकवायची तऱ्हा जगावेगळी होती. पहिलीची मुलं बाकावरून गादीवर उडी मारत आणि बाई त्यांच्याकडे पाठ करून भिंतीशी उभ्या राहत. डोळ्यांना कुणीही फसवेल, पण कानांना टाच फसवत नाही, असं त्यांचं म्हणणं. चवड्यांवर उतरून गुडघे वाकवले की आवाज होत नाही. टाचा आपटल्या की धप्प. मग बाई न वळताच म्हणत, "कोण रे तो हत्ती? गुडघे वाकव." आणि वर्ग खिदळायचा.

यंदा वर्ग सुरू झाला त्या दिवशी शेवटच्या मुलाची उडी झाली आणि त्यामागून पुन्हा एक धप्प आलं. दोन्ही टाचांचं, डावी किंचित आधी.

"गुडघे वाकव, ठमे," बाई सवयीने बोलून गेल्या. ठमी त्यांची लेक. मागच्या वर्षी याच वर्गात होती, आणि तापाचं निमित्त होऊन गेली. घरी पलंगावरून उड्या मारून खालच्या मजल्यावरच्या आजोबांची झोप उडवायची. आई जगाला शिकवते आणि दिव्याखाली अंधार, असं आजोबा चिडवायचे.

बाई वळल्या. गादी रिकामी होती.

पुढच्या तासाला आवाज पुन्हा आला, पण हलका. त्यानंतर आणखी हलका. जिवंतपणी एक शब्द न ऐकणारी पोर आता ऐकत होती. पूर्ण शिकली की मग आपल्याला काय ऐकू येणार, हे कळलं तेव्हा बाईंना दरदरून घाम फुटला.

त्यांनी तोंडाला कुलूप लावलं. गुडघ्यांचं नाव नाही, चवड्यांचं नाव नाही. मुलांना काय, आयतंच फावलं. सगळी धपाधप उतरू लागली आणि सगळ्यांच्या शेवटी ती डावी टाच, पहिल्यासारखी जड. भिंतीला कपाळ टेकून बाई ते ऐकत. अंगावर काटा यायचा, तरी त्या तासाची त्या दिवसभर वाट बघत.

मग एक दिवस वर्गातली भित्री भागूबाई ताठ पायांनी उतरली आणि कळवळून खाली बसली. घोटा टम्म सुजला. तिची आई न्यायला आली. तिने आरडाओरडा केला नाही, लेकीला उचलून कडेवर घेतलं.

"बाई, कसं उतरायचं ते शिकवलं नव्हतं का हिला?"

बाईंना तिच्या डोळ्यांत बघवलं नाही. कडेवर लेक असलेल्या बाईला काय सांगणार?

दुसऱ्या दिवशी त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"सगळ्यांनी ऐका. चवड्यांवर उतरायचं. गुडघे वाकवायचे. आवाज यायला नको. कुण्णाचाच."

एकेक मूल उतरत गेलं. शेवटचंही उतरून बाजूला झालं. बाईंनी श्वास रोखून धरला.

काहीच ऐकू आलं नाही.

त्या वळल्या. गादीवर दोन छोटे खळगे होते, नुसत्या चवड्यांचे, आणि ते हळूहळू भरून येत होते.

"शाब्बास," बाई म्हणाल्या, आणि गादी सपाट होईपर्यंत त्यांनी कुणालाही पुढची उडी मारू दिली नाही.