सोंडेखाली उभं कोण राहणार?

मी जुना आहे, सिमेंटचा आहे आणि रागावलेला आहे. हत्ती आहे हे मुद्दाम शेवटी सांगतो, कारण त्याच्या तपशिलाबद्दल पुण्यात वाद आहे.

मित्रांनो, आत्मवृत्त सांगणाऱ्या वस्तू सहसा गरीब स्वभावाच्या असतात. फाटकी छत्री असते, मोडकी खुर्ची असते. त्या आधी उसासा टाकतात, मग गोष्ट सांगतात आणि परीक्षेत तुम्हाला बरे गुण मिळवून देतात. माझ्याकडून तसं काही होणार नाही. मला बोलायचं आहे.

विश्रांतवाडीच्या पुढे, आळंदी रस्त्याला हिंमतरावांची पेरूची बाग होती आणि बागेच्या तोंडाशी उसाच्या रसाचं दुकान. मोठी माणसं रस प्यायला थांबायची आणि त्यांची पोरं रस्त्यावर पळायची. म्हणून हिंमतरावांनी घसरगुंडी बांधायला काढली. "नुसती घसरगुंडी कुणीबी बांधतंय. हत्ती कर," असं त्यांनी गवंड्याला सांगितलं. गवंडी उत्तरेश्वर बार्शीकडचा. त्याने तोवर हौद बांधले होते, संडास बांधले होते आणि एक मारुतीचं देऊळ बांधलं होतं. हत्ती पहिलाच.

त्याने सळ्या वाकवून माझा सांगाडा केला. त्यावर जाळी, जाळीवर सिमेंट. शेपटीकडून वर यायला पायऱ्या, डोक्यावर बसायला जागा आणि पुढे सोंड. सोंडेला त्याने मोझॅकच्या लादीसारखं घासून घासून गुळगुळीत केलं. डोळ्यांच्या जागी काचेच्या काळ्या गोट्या बसवल्या. शेवटी डावा कान झाला, उजवा कान झाला आणि घमेल्यात माल उरला. कालवलेला माल टाकून देणं उत्तरेश्वरच्या धर्मात बसत नव्हतं. त्याने तो उजव्या कानाला थापला.

माझा उजवा कान डाव्यापेक्षा मोठा आहे तो एवढ्याचसाठी. हे लक्षात ठेवा. पुढे यावर ठराव होणार आहेत.

माझी उमेदीची वर्षं फार चांगली गेली. पोरं शेपटीकडून चढायची आणि सोंडेवरून वाळूत यायची. सोंडेच्या टोकाशी वाळूचा खड्डा होता. बाग झाडणाऱ्या सोजरबाई रोज सकाळी ती वाळू हाताने मोकळी करायच्या आणि चतुर्थीला माझ्या कपाळावर जास्वंदाचं फूल ठेवायच्या. मी गणपती नाही हे त्यांना माहीत होतं. "नसंना का. तोंडावळा तर हाय," त्या म्हणायच्या.

आणि एक रीत होती. कुणी लावून दिली नव्हती, आपोआप पडली होती. लहान पोर पहिल्यांदा वर बसलं की सोंडेच्या टोकाशी कुणीतरी उभं राहायचं. बाप, आत्या, मामा, कधी रसाचा ग्लास हातात घेऊन अनोळखी माणूससुद्धा. दोन्ही हात पुढे करून म्हणायचं, "ये!" पोर वरून बघायचं, ओठ काढायचं, पुन्हा बघायचं आणि यायचं. मित्रांनो, त्या "ये" मध्ये जी जादू होती ती माझ्या सिमेंटमध्ये नव्हती. मी फक्त उतार होतो.

मग देशाचे दरवाजे उघडले. उघडलेल्या दारातून केबल आली, शीतपेयं आली, काचेच्या इमारती आल्या आणि हिंमतरावांचे चिरंजीव परदेशवारी करून आले. पेरूची झाडं गेली. रसाच्या जागी तिकीटखिडकी आली. बागेचं नाव 'हिंमतलँड' झालं. पाण्याच्या घसरगुंड्या, गरगर फिरणारे कप, उलटं टांगणारी गाडी. त्याच सुमारास शहराच्या दुसऱ्या टोकाला, स्वारगेट ओलांडून कात्रजच्या बाजूला 'मायापुरी' निघाली. तिथेही तेच कप आणि तीच उलटी गाडी. माझी त्याबद्दल तक्रार नाही. पोरं तिकडेही खिदळतच होती.

तक्रार चाहत्यांबद्दल आहे.

हिंमतलँडने जाहीर केलं की माझ्या मागच्या अंगाला 'आफ्रिका' बांधणार. मायापुरीने दुसऱ्याच दिवशी जाहीर केलं की आम्ही 'इजिप्त' बांधणार. इजिप्त आफ्रिकेतच आहे हे कुणाच्या लक्षात आलं नाही. दोन्हीकडे हिरवे पत्रे ठोकले गेले आणि पत्र्यांच्या आड काय चाललंय यावर पुण्यातली शहाणीसुरती माणसं भांडू लागली. आधी इंटरनेटवर भांडली. तिथे जागा अपुरी पडली तेव्हा दर रविवारी माझ्या उजव्या कानाच्या सावलीत येऊन भांडू लागली.

आफ्रिकेच्या बाजूचा म्होरक्या केदार. येरवड्याच्या बाजूला एका काचेच्या इमारतीत संगणकावर काम करणारा, चांगला शिकलेला मुलगा. वयाने मुलगा नव्हे; त्याला स्वतःला चार वर्षांची मुलगी होती. अवनी. इजिप्तच्या बाजूने सदाशिव पेठेतले श्यामसुंदरकाका, विमा कार्यालयातून निवृत्त. ते मायापुरीचे असूनही दर रविवारी हिंमतलँडला यायचे, कारण ज्येष्ठ नागरिकांना सवलत इथे होती. निष्ठा तिकडे, सवलत इकडे.

"अहो केदार, तुमचा सिंह फायबरचा आहे म्हणे."

"मग काय काका, खरा सोडू? आणि तुमच्या पिरॅमिडला तीनच बाजू आहेत. चौथीकडे कँटीन आहे, मी स्वतः फोटो काढलाय."

"इजिप्तमध्ये माणसं जेवत नाहीत असा आपला समज आहे का?"

"कँटीनमध्ये साबुदाणा वडा मिळणार आहे, काका!"

"उपासाची सोय आहे. तुमच्या जंगलात काय मिळणार? पाला?"

असं तासन् तास. पत्र्याला एक भोक होतं, त्याला आळीपाळीने डोळा लावायचे. आत सिमेंटच्या पोत्यांची एक थप्पी दिसली की तिच्यावर तीन मतं. आणि हे चालू असताना अवनी शेपटीकडून चढायची, माझ्या डोक्यावर बसायची आणि हाक मारायची,

"बाबा, खाली उभा राहा ना."

"आलो हं, पिल्लू. पाच मिनिटं."

ती बसून राहायची. तिच्या सँडलच्या टाचा माझ्या कपाळावर टकटक वाजायच्या. मग ती उठायची, वळायची आणि पायऱ्यांनी खाली जायची. रडायची नाही. पुढच्या रविवारी पुन्हा. सबंध उन्हाळा ती माझ्यावर चढली आणि पायऱ्यांनी उतरली. घसरगुंडीचा याहून मोठा अपमान मला माहीत नाही. पण माझं सोडा. त्या मुलीला एकच गोष्ट हवी होती. बापाने सोंडेच्या टोकाशी उभं राहायचं. सोंडेपासून तो चार पावलांवर होता, पण मनाने टांझानियात होता.

पावसाळ्याच्या तोंडाला आफ्रिकेचं काम घाईला आलं आणि वाळू कमी पडली. मुकादमाने माझ्यापुढचा खड्डा उपसून नेला. सोजरबाई घमेल्यांच्या आडव्या गेल्या. "अवो, ती पोरांची वाळू हाय!"

"उद्या आणून टाकतो, मावशी."

त्यांनी तीच गोष्ट तिथे उभ्या असलेल्या मंडळींना सांगितली. केदार म्हणाला, "हो का? म्हणजे आत धबधब्याचं काम सुरू झालं!" आणि त्याचा चेहरा आनंदाने फुलला.

त्याच आठवड्यात मुंबईहून एक सल्लागार आले. त्यांनी मला सगळीकडून पाहिलं आणि मत दिलं, की आफ्रिकेच्या दारात भारतीय हत्ती चालणार नाही, पाडा. हिंमतराव आता थकले होते. ते एवढंच म्हणाले, "पाडायचं कशापायी? चांगला हाय की." पण त्यांचं ऐकायचे दिवस तिकीटखिडकीबरोबर चिरंजीवांकडे गेले होते.

बातमी फुटली आणि चाहते पेटले. केदारने सिद्धान्त मांडला, की आफ्रिकन हत्तीचे कान मोठे असतात आणि हा हत्ती आफ्रिकनच आहे, उजवा कान पाहा. श्यामसुंदरकाकांनी खोडून काढलं, की हा शुद्ध भारतीय आहे, डावा कान पाहा. तेव्हा अवश्य पाडा, आणि पाडताना आम्हाला बोलवा. सह्या गोळा झाल्या. 'हत्ती बचाव समिती' निघाली आणि पंधरवड्यात तिची दोन शकलं झाली: एक मला आफ्रिकन म्हणून वाचवणार होती, दुसरी भारतीय म्हणून. माझ्यासाठी घसा फोडणाऱ्या एकानेही माझ्यावर आपलं पोर बसवलं नाही. एकाने येऊन विचारलं नाही, की बाबा रे, तुझ्यापुढची वाळू कुठे गेली?

अखेर रविवारी माझे कान मोजायचे ठरले. दोन्ही पक्ष हजर. चिरंजीव हजर, खुर्चीवर हिंमतराव हजर. श्यामसुंदरकाकांनी शिंप्याची फीत आणली होती. लोखंडी फीत गोलाईवर बसत नाही, असा त्यांचा मुद्दा होता आणि तो मान्य झाला. केदार शिडीवर चढला. फितीचं एक टोक त्याने माझ्या उजव्या कानाच्या वरच्या कडेला धरलं, खाली काकांनी दुसरं.

अवनी नेहमीच्या जागी वर बसली होती. तिचा हात पुरला असता इतका जवळ तिचा बाप होता.

"बाबा, आज उभा राहतोस?"

"एक मिनिट, अवनी. बाबा हत्तीला वाचवतोय ना!"

"केदार, फीत ढिली सोडू नका. लबाडी चालणार नाही."

"काका, तुम्हीच खालून ओढताय!"

तिने खाली पाहिलं. सोंडेच्या टोकाशी कुणी नव्हतं. वाळूही नव्हती. मुरूम होता आणि विटांचे तुकडे. मित्रांनो, माझं तोंड सिमेंटचं आहे. मला "थांब" म्हणता आलं नाही. आयुष्यात मला कधी माणूस व्हावंसं वाटलं नाही. त्या क्षणी एक पाय हलवता यावा, एवढं वाटलं.

ती आली.

हनुवटी फुटली. सोजरबाई झाडू टाकून धावल्या आणि त्यांनी पदराने रक्त दाबलं. मग शिडी पडल्याचा आवाज झाला आणि केदार आला. मातीने माखलेल्या तोंडाने अवनीने त्याच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता रडेल. ती म्हणाली,

"बाबा, मी एकटी आले. तू पाहिलंस?"

आणि केदार म्हणाला, "हो. पाहिलं ना."

फितीचं टोक अजून त्याच्या मुठीत होतं.

टाके पडले. आणि दोषी कोण ठरलं? वाळू नेणारा मुकादम नाही. फीत धरणारे नाहीत. मी! 'घसरगुंडी धोकादायक' असा एकमुखी निष्कर्ष निघाला. आफ्रिका आणि इजिप्त यांचं पहिल्यांदाच एकमत झालं. पण तोवर सह्या एवढ्या झाल्या होत्या की मला पाडताही येईना. तेव्हा मधला मार्ग निघाला. माझ्याभोवती लोखंडी कठडा आला आणि कठड्यावर पाटी. पाटीच्या मजकुरावर तीन बैठका झाल्या. ती अशी आहे:

'वारसा हत्ती. चढू नये. टेकू नये. हत्ती कोणत्या खंडातला आहे हे कर्मचाऱ्यांना विचारू नये.'

मी वाचलो. अभिनंदनाचे पेढे वाटले गेले. वाळू आजतागायत आली नाही, पण आता तिची गरजही नाही.

आफ्रिका उघडली, दोन हंगाम चालली आणि सिंहाचा रंग उडाला. आता त्या जागी 'अंतराळ' होणार आहे. पुन्हा हिरवे पत्रे, पुन्हा भोक, पुन्हा भोकाला डोळा. मायापुरी 'पाताळ' काढतेय असं कानावर आहे. मोठ्या कानावर. श्यामसुंदरकाका हल्ली काठी घेऊन येतात, पण येतात. केदार येतो, केस विरळ झालेत. अवनी त्याच्याबरोबर येत नाही. तिने येणं कधी थांबवलं, हे त्याला विचारलं तर सांगता येईल असं मला वाटत नाही. आफ्रिकेचं उद्घाटन कोणत्या वारी होतं ते सांगेल.

आता शेवटी मी विनंती करावी अशी पद्धत आहे. 'माझी काळजी घ्या' म्हणावं. मुळीच म्हणणार नाही. माझी पुष्कळ काळजी घेऊन झाली आहे. दर दिवाळीला रंग लावतात आणि वर्षभर कुणी हात लावत नाही. मला जपू नका. दुसरी कुठलीही घसरगुंडी शोधा, तुमच्या सोसायटीतली, शाळेतली, गंजकी, कान नसलेली. वर चढा आणि तुमच्या माणसाला खाली उभं करा. त्याच्या हातात जे काही असेल ते आधी बाजूला ठेवायला लावा. दोन्ही हात रिकामे हवेत.

आणि खाली आल्यावर "पाहिलंस का?" असं विचारू नका. त्याला कुणीही हो म्हणतं. विचारा, "येताना माझे हात कुठे होते?"

अवनीचे दोन्ही हात वर होते. हवेत, उघडे. मी पाहिलंय.