हामआनचे जो

आमच्या यांना कुणीही भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला. "कुठले? कुळ कोणतं?" मग समोर मीठवाला असो नाहीतर वाट चुकलेला भिकारी. माणूस जेवलाय का, ते नंतर. लग्न होऊन या घरात आले त्या दिवसापासून ऐकत आलेय: आम्ही हामआनचे जो, जो हे आडनाव आणि हामआन हे कुळाचं मूळ गाव; आमचे अमुक पूर्वज दरबारात होते, तमुक पूर्वजांनी राजापुढेसुद्धा मान वाकवली नाही. अहो, असतील! पण त्या पूर्वजांनी आमच्या मडक्यात मूठभर जव काही आणून टाकले नाहीत.

आमच्या देशावर राज्य करणाऱ्या जपान्यांनी आधी तांदूळ नेला. मग पितळेची भांडी नेली. पूर्वजांना नैवेद्य दाखवायच्या वाट्या, चमचे, हात धुवायचं घंगाळ, सगळं. म्हणे वितळवून बंदुकीच्या गोळ्या करायच्या. मी यांना म्हटलं, "अहो, एक तरी वाटी लपवू. फडताळामागच्या खणात ठेवू." तर हे म्हणाले, "तिथे जागा नाही." कशी असेल? तिथे यांच्या वंशावळीच्या पोथ्या होत्या ना, रेशमी फडक्यात बांधलेल्या! आमची नावंही नेली. कागदावर आम्हाला त्यांच्यासारखी लांबलचक आडनावं चिकटवली. तेव्हा हे जेवेनात. मी म्हटलं, न जेवायला आधी जेवण तरी असावं लागतं.

आणि मग ते पोरी न्यायला लागले.

"कारखान्यात काम मिळेल, शाळा मिळेल, पोटभर भात मिळेल," असं सांगून न्यायचे. नदीपलीकडच्या गावातून गेलेल्या पोरींचा एक निरोप नाही आला. कुणी म्हणे बोटीत चढवलं, कुणी म्हणे चीनला नेलं, आणि त्यापुढचं बायका कानात सांगायच्या. लग्न झालेलीला सोडतात, एवढं एक ऐकू आलं, आणि मुलखात लग्नांची घाई उडाली. लंगडा, पांगळा, विधुर, कोणीही चालेल झालं. फक्त आमच्या घरी चालेना. माझी बोक-दान सतरा वर्षांची. एका स्थळाची पणजी रखेल होती म्हणून यांनी मोडता घातला. दुसऱ्याचं कुळ हलकं. तिसरं कसंबसं पसंत पडलं, तर लग्नाआधीच तो मुलगा फौजेत ओढून नेला. सुंभ जळेल, पण पीळ जळायचा नाही!

ते आमच्या दारी आले त्या दिवशी जव अजून हिरवे होते, म्हणजे आमच्याकडचे सगळ्यात उपाशी दिवस. अंगणात पान-दोल बसला होता, भांडी सांधणारा. लहानपणी पायावरून बैलगाडी गेलेली, म्हणून खाणीत न्यायला आलेल्यांनी त्याला नको म्हणून टाकून दिलं होतं. आमच्या गावात तो पहिल्यांदाच आलेला. शेगडीत कोळसे फुलवून तो माझी तडकलेली लोखंडी कढई सांधत होता.

"काकू, पितळ त्यांनी नेलं, लोखंड तुम्ही लपवून ठेवता. मी आता काय लोकांची डोकी सांधू?"

"माझ्या नवऱ्यापासून सुरुवात कर," मी म्हटलं.

तेवढ्यात कुंपणाच्या भिंतीवरून शेजारीण ओरडली. दोक्सान हे तिचं माहेर, म्हणून ती दोक्सानवाली, आणि माझं हाम्पो म्हणून मी हाम्पोवाली. आमच्याकडे बाईचं नाव माहेरच्या गावाचंच. "अगं हाम्पोवाली, आले! ग्वाक कारकून आहे आणि तलवारवाला शिपाई आहे बरोबर! माझ्या पोरीला, सुन-आकला, कुठे लपवू गं?"

मी बोक-दानचा हात धरून तिला ओसरीवर ओढलं. कुवार पोरीची लांब वेणी लांबूनही ओळखू येते, लग्न झालेलीचा अंबाडा. मी तिची वेणी वळून अंबाडा घातला, पण अंबाड्यात खोचायचा काटा कुठून आणू? घरात काटा एकच, माझ्या डोक्यात. तो उपसला, तिच्या अंबाड्यात खुपसला आणि माझ्या सुटलेल्या केसांवर पंचा गुंडाळला.

"आई, नवरा विचारला तर?" पोरीने विचारलं.

मी अंगणात वळले. "ए पान-दोल! ऊठ. हात पूस. तू माझा जावई."

त्याच्या हातातला चिमटाच गळला. "काकू, मी भांडी सांधतो, लग्नं नाही."

"मेल्या, विनोद नंतर कर! ते पोरीला नेतील रे!"

त्याने बोक-दानकडे पाहिलं. मग पायातल्या चपला काढल्या, ओसरीवर चढला आणि तिच्याजवळ बसला. हात मात्र काळेच राहिले.

आतून हे टोपी घालत बाहेर आले. घोड्याच्या केसांची ती काळी टोपी घातल्याशिवाय मेलेसुद्धा नसते. "हे काय चाललंय? हा कोण? याचं कुळ..."

"कुळ गेलं खड्ड्यात!" मी ओरडले. "आज कुळाचं नाव काढलंत तर या शेगडीत हात घालीन माझा!"

आयुष्यात एकदाच मी त्यांना तो प्रश्न विचारू दिला नाही. स्वतःही विचारला नाही.

दार ढकलून ते आत आले. शिपाई तरुण होता, घामाघूम, कमरेची तलवार सारखी पायात येत होती. ग्वाक आपलाच. लहानपणी यांच्याकडे अक्षरं गिरवायला यायचा, आणि आता जपानी नाव लावून जपान्यांसाठी दारोदार फिरत होता. त्याने अंगण पाहिलं, शेगडी पाहिली, माझ्या डोक्यावरचा पंचा पाहिला. मग बोक-दानचा अंबाडा पाहिला.

"लग्न झालं वाटतं," तो म्हणाला. "कधी? आम्हाला लाडूसुद्धा नाही."

"लाडवाचा तांदूळ तूच नेलास की रे," मी म्हटलं. जीभ कुठे आवरते माझी!

शिपायाने काहीतरी विचारलं. ग्वाकने पान-दोलकडे हनुवटी केली. "जावईबापू, नाव?"

आणि पान-दोलने उत्तर दिलं. आमच्यातला कुठलाही माणूस नाव विचारल्यावर जसं देतो तसं, आधी कुळ आणि मग नाव, बापाने पाठ करून घेतलेलं: "हामआनचे जो. पान-दोल."

आमच्या मुलखात दगड भिरकावला तर एखाद्या जोलाच लागायचा, पण हे मला आधी सुचावं ना! एका कुळातला मुलगा आणि मुलगी म्हणजे भाऊबहीण. शंभर पिढ्या लांबचे असले तरी भाऊबहीण. असं लग्न आमच्याकडे जनावरंसुद्धा करत नाहीत, असं म्हणतात. पान-दोलला बिचाऱ्याला आमचं कुळ काय माहीत! बोक-दान मान खाली घालून बसली होती. तिच्या मानेवरून घामाचा ओघळ उतरला.

शिपायाला यातलं काही कळलं नाही. तो तलवार सावरत उभा होता. ग्वाकला मात्र सगळं कळलं. तो हळूच हसला.

"गुरुजी, तुम्हीही हामआनचेच जो ना?" तो आमच्याच भाषेत म्हणाला. "मग बहीण भावाला दिलीत? तुम्ही? पणजी रखेल होती म्हणून स्थळ नाकारणारे तुम्ही?"

मी यांच्याकडे पाहिलं. खरं सांगते, त्या क्षणी मला तलवारवाल्याची भीती वाटली नाही. माझ्या नवऱ्याची वाटली. या माणसाला खोटं बोलता येत नाही, आणि कुळाबद्दल तर नाहीच नाही. आता हे ताठ उभे राहतील आणि म्हणतील, छे, आमच्या घरात असलं पाप होत नाही, हा कुणी वाटसरू आहे. माझी पोर त्या एका वाक्यावर लटकत होती.

भिंतीपलीकडे गाव जमलं होतं. यांनी घसा साफ केला.

"मी जो आहे, असं कोण म्हणतं?"

ग्वाकचं हसू थांबलं.

"माझा आजा गुलाम होता," हे म्हणाले. आवाज असा, जसे पोरांना धडा सांगतायत. भिंतीपलीकडे ऐकू जाईल एवढा मोठा. "मालक दारूत बुडाला, तेव्हा आज्याने त्याला तांदूळ देऊन त्याच्या वंशावळीत आपलं नाव घुसडून घेतलं. आम्ही कुणाचे कोण, ते आम्हालाच ठाऊक नाही. माझा जावई खरा जो आहे. खोटा मी आहे."

भिंतीपलीकडे कुणीतरी "अगं बाई!" म्हणालं.

"मग त्या पोथ्या जन्मभर उराशी कशाला धरल्यात?" ग्वाकने विचारलं.

"चोर चोरीचा माल उराशीच धरतो, बाळा."

शिपाई वैतागून काहीतरी म्हणाला. ग्वाकने हाताने त्याला थांबवलं. "असं नुसतं तोंडाने सांगून भागत नाही, गुरुजी."

हे आत गेले. फडताळ सरकल्याचा आवाज आला. रेशमी फडक्यातलं गाठोडं घेऊन बाहेर आले, पान-दोलच्या शेगडीपाशी बसले आणि गाठ सोडली. पहिली पोथी उचलली, निखाऱ्यांवर ठेवली. मग दुसरी. जुना कागद, लगेच धरला. मला वाटलं, माझ्याच छातीत काहीतरी पेटलंय. जन्मभर ज्या पोथ्यांना शिव्या घातल्या त्यांच्यासाठी मी हुंदका गिळत होते!

ग्वाक यांच्या हातांकडे बघत होता. मीही तेव्हाच पाहिलं. हे प्रत्येक पोथी दोन्ही हातांनी ठेवत होते. वडीलधाऱ्यांना पेला देताना धरतात तशी, दोन्ही हातांनी, मान किंचित झुकवून. चोरीचा माल असा कुणी जाळत नाही. आणि हे हात असे धरायला यांनीच ग्वाकला शिकवलं होतं, तो एवढासा असताना.

शेवटची पोथी काळी होईपर्यंत ग्वाक बघत राहिला. मग शिपायाकडे वळून जपानीत चार शब्द बोलला. शिपायाने खांदे उडवले, आणि दोघं दारातून बाहेर पडले.

बोक-दान तिथेच आडवी झाली. पान-दोल तिला वारा घालायला लागला, काळ्या हातांनी.

तेवढ्यात पलीकडच्या घरातून किंकाळी आली. सुन-आक धान्याच्या रिकाम्या रांजणात बसली होती, तिथून त्यांनी तिला ओढून काढली. दोक्सानवाली पोरींना न्यायच्या गाडीमागे धावत गेली ती पार नदीपर्यंत. माझी पोर माझ्या मांडीवर होती, आणि मला त्या क्षणी आनंद झाला होता. तो आनंद आठवला की अजूनही अन्न गोड लागत नाही.

पुढे शिपाई तपासायला पुन्हा पुन्हा यायचा, म्हणून पान-दोल राहिला. लाकडाच्या खोपटात झोपायचा, शिपाई दिसला की ओसरीवर येऊन बसायचा. यांची मात्र गावात रया गेली. कुळाच्या वडीलधाऱ्यांनी कुळाच्या थोरल्या घरी होणाऱ्या पूर्वजांच्या पूजेला यायला यांना बंदी केली. अक्षरं शिकायला येणारी पोरं बंद झाली. काल वाकून नमस्कार करणारे आज "काय रे, कुठे निघालास?" म्हणायला लागले. हे उत्तर द्यायचे. टोपी त्यांनी खुंटीला टांगली ती पुन्हा घातली नाही.

पुढच्या वर्षी उन्हाळ्याच्या शेवटी जपान हरलं. लोक रस्त्यावर नाचले. पान-दोलने आपली शेगडी बांधली. "येतो, काकू," म्हणाला. बोक-दान दारात आडवी उभी राहिली.

"तो कुठे जाणार नाही," ती बापाला म्हणाली. "आणि मी दुसऱ्या कुणाच्या घरी जाणार नाही."

आता तर शिपाई नव्हता, तलवार नव्हती. आता हे एक वाक्य बोलले असते, की ते सगळं खोटं होतं, तर गावाने यांना पुन्हा पाटावर बसवलं असतं. थोरल्या घरच्या पोथ्यांत यांचं नाव होतंच की. पण मग पोर आणि पान-दोल भाऊबहीण ठरले असते.

यांनी खुंटीवरच्या टोपीकडे पाहिलं. मग म्हणाले, "मला कुळच नाही. मी कुणाचा नियम सांगू?"

त्याच शरद ऋतूच्या सणाला पान-दोलने, आता खऱ्याच जावयाने, आमच्या अंगणात पूर्वजांची पूजा मांडली. त्याला दुसरं घर कुठे होतं! पितळ नव्हतं, म्हणून भोपळ्याच्या कवट्यांत नैवेद्य. नव्या तांदळाच्या करंज्या, पाइनच्या पानांवर उकडलेल्या. मातीच्या वाटीत दारू. हामआनच्या जोंच्या पूर्वजांसमोर तो लंगडत गुडघ्यावर बसला. भिंतीवरून लोक बघत होते. दोक्सानवालीही होती. तिची सुन-आक परत आली नव्हती. कुणाचंच लग्न, कुणाचीच पूजा आता तिला बघवत नसे, तरी ती बघत होती.

पान-दोलने हाक मारली, "बाबा, या ना, बसा."

"तुझे पूर्वज आहेत ते. माझं काय काम?" हे सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, आणि घराला वळसा घालून मागे गेले.

मी स्वयंपाकघरात होते. मागचं दार वाजलं आणि हे आत आले. या माणसाने जन्मात कधी स्वयंपाकघरात पाय ठेवला नव्हता; पुरुषाने ठेवू नये, म्हणायचे. चुलीमागे गेले, पान-दोलने सांधलेल्या त्या कढईच्या आड. अंगणाकडे तोंड केलं, आणि राखेत गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून, आपल्या पूर्वजांना नमस्कार केला. उठले, आणि पुन्हा एकदा वाकले.

मी काही बोलले नाही. मी, आणि काही बोलले नाही! अंगणाकडच्या दारात जाऊन उभी राहिले, दोन्ही हातांनी घागरा पसरला, आणि भिंतीवरून कुणाला आतलं दिसू नये म्हणून हे उठेपर्यंत तशीच उभी राहिले.